गोव्यात भाड्याच्या मोटरहोमने कुटुंबाची पहिली सफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही डिचोलीचे. या हिवाळ्यात घरची पाच माणसं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं, भाड्याच्या मोटरहोममधून, म्हणजे पलंग, शेगडी आणि संडास आतच असलेल्या गाडीतून, आपल्याच गोव्यात फिरलो. तेव्हापासून पुणे-कोल्हापूरचे नातेवाईक आणि मुलांच्या शाळेतले पालक सतत काही ना काही विचारतात. त्यांच्यासाठी ही उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. वाळूवर गाडी लावून लाटांच्या आवाजात झोपायचं, असं चित्र मनात असेल तर आधी रात्रीच्या मुक्कामाचं उत्तर वाचा. गोव्यात मोटरहोमचं सुख कुणाच्या तरी अंगणात, विचारून मिळवलेल्या जागेवर असतं. बाकीचं सगळं त्या जागेवर अवलंबून आहे.

गोवा एवढंसं, हॉटेलं गल्लोगल्ली. मग मोटरहोम कशाला?

रास्त प्रश्न आहे. सगळं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. उत्तर सीमेवर पत्रादेवीला शिरलं की महामार्ग ६६ वरून अर्ध्या दिवसात दक्षिण टोकाच्या पोळेला पोचता येतं. अंतर कापायला मोटरहोम लागतच नाही. कळंगुट-बागा एवढंच करायचं असेल तर घेऊ नका. तिथल्या रस्त्यांवर साधी कार लावायला जागा मिळत नाही.

आमचं कारण सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांना तासा-दीड तासाने पाय लांब करावे लागतात आणि स्वच्छतागृह जवळ असावं लागतं. जन्म गोव्यात जाऊनही तांबडी सुर्ला, नेत्रावळी, गालजीबाग त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण वाटेत काय सोय असेल ही धाकधूक. मोटरहोमने ती धाकधूक संपवली. घरात वयस्क माणूस किंवा दुपारची झोप लागणारं लहान मूल असेल आणि आतला, डोंगराकडचा गोवा बघायचा असेल, तर ही गाडी भाड्याचे पैसे वसूल करते.

कोणती गाडी घ्यावी? ड्रायव्हरसकट की स्वतः चालवायची?

आपल्याकडची बहुतेक मोटरहोम टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली असतात. लांबी साधारण सात मीटर आणि टपावरचा एसी धरून उंची तीन मीटरच्या आसपास. चार-पाच माणसांना ती पुरते. पिकअपवर बांधलेली छोटी कॅम्परही मिळते, पण तिच्यात मोठ्या माणसाला उभं राहून कपडे बदलता येत नाहीत.

पहिल्या खेपेला ड्रायव्हरसकटच घ्या. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून कदंबची, म्हणजे गोव्याची एसटी, बस आली की सात मीटरची गाडी मागे घेणं सरावाचं काम आहे. एक गोष्ट मात्र आधी ठरवा: ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार? दिवसभर घाट चालवलेल्या माणसाला सीटवर वाकडंतिकडं झोपायला लावू नये. जिथे गाडी लावाल तिथे त्याच्यासाठी एक खोली घ्या. खर्च फार नाही, आणि तुमची मुलं त्याच्या झोपेच्या भरवशावर प्रवास करत असतात.

लायसन्स आणि कागदपत्रं?

आरसीवर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही, लायसन्स चालतं. भाड्याच्या गाड्यांसाठीही तेच पुरेसं असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

नंबरप्लेट नीट बघा. ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या पर्यटक गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं, स्वतः चालवायला मिळणाऱ्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने देणं बेकायदा आहे. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. गाडी महाराष्ट्रातून आणणार असाल तर गोव्यात चालणारा पर्यटक परवाना आहे ना, ते मालकाकडून कागदावर बघून घ्या.

रात्री गाडी कुठे लावायची?

हा प्रश्न गाडी ठरवण्याआधी सोडवायचा. आधी जागा, मग तारीख, मग गाडी.

परदेशात असतात तसे वीज, पाणी आणि मैलापाण्याची जोडणी असलेले कॅराव्हॅन पार्क गोव्यात जागोजागी नाहीत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं, पण कागदावरचं धोरण आणि रात्री आठ वाजता गाडी लावायला मिळणारी जागा यांत अंतर असतं. म्हणून आम्ही तीन प्रकारच्या जागा धरून चाललो.

पहिली, गेस्टहाऊसचं आवार. काणकोण भागात, म्हणजे पाळोळे, आगोंद, गालजीबागच्या मागच्या वाड्यांवर, लहान गेस्टहाऊस पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींना मोठं अंगण असतं. एक खोली घ्या आणि गाडी अंगणात लावू का विचारा. खोलीत ड्रायव्हर झोपतो, तिथल्या न्हाणीघरात सगळ्यांच्या आंघोळी होतात, १६ अँपिअरचा प्लग मिळतो. सगळे प्रश्न एका भाड्यात सुटतात.

दुसरी, कुळागर. फोंडा तालुक्यात सावई-वेरे, केरी या बाजूला पोफळी, मिरवेल, जायफळाच्या बागा आहेत. पर्यटकांना बाग दाखवणाऱ्या कुळागरांत मोठ्या बसगाड्या येतात, त्यामुळे गाडी वळवायला जागा असते. बाग बघून, तिथेच जेवून मग रात्रीचं विचारलं तर बहुधा नाही म्हणत नाहीत. पाटाच्या पाण्याचा आवाज रात्रभर येत राहतो. मुलांना समुद्रापेक्षा हीच रात्र जास्त आवडली.

तिसरी, देवस्थानांची अग्रशाळा, म्हणजे भाविकांना राहायच्या खोल्या. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी ही देवळं एकमेकांपासून जवळ आहेत. अग्रशाळेत खोली घेऊन देवस्थान समितीच्या कार्यालयात गाडीबद्दल विचारा. परवानगी मिळाली तर एक पथ्य पाळा: देवळाच्या आवारात उभ्या गाडीत मासे-मटण शिजवायचं नाही आणि दारूची बाटली उघडायची नाही. गाडी तुमची असली तरी आवार देवाचं आहे.

विचारताना फोनवर गाडीची लांबी-उंची सांगा आणि फाटकाची रुंदी विचारा. फाटकावर आडवी फांदी किंवा विजेची वायर आहे का, हेही. गोव्यातल्या जुन्या घरांची फाटकं बैलगाडीच्या मापाची असतात.

किनाऱ्यावर, वाळूजवळ लावली तर?

वाळूवर गाडी नेणं गोव्यात गुन्हा आहे. उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं यांवरही पर्यटन स्थळांवर बंदी आहे. पर्यटन खात्याच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात अशा गोष्टींसाठी ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठरवला होता. सार्वजनिक पार्किंगमध्ये रात्र काढायला गेलात तर कुणीतरी येऊन उठवणारच, आणि झोपलेली मुलं उठवून जागा शोधणं वाईट.

दंड बाजूला ठेवा. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. मादी अंधार शोधत वर येते. पिल्लं अंड्यातून निघाली की पाण्यावरच्या उजेडाच्या दिशेने चालतात, मागे दिवा दिसला तर उलटी फिरतात. या किनाऱ्यांजवळ मुक्काम असेल तर गाडीच्या बाहेरचे दिवे सूर्यास्तानंतर बंद ठेवा आणि समुद्राकडचे पडदे ओढा. वनखात्याने कुंपण घातलेली घरटी मुलांना दिवसा लांबून दाखवा. धाकटीने तिथे एवढे प्रश्न विचारले की राखणदार थकला नाही याचंच मला कौतुक वाटलं.

माडाच्या सावलीत लावली तर चालेल ना?

नाही. नारळ आणि झावळ्या न सांगता पडतात. काच किंवा टपावरचं सोलर पॅनेल गेलं तर तुमची अनामत गेली, आणि दारात मूल उभं असेल तर त्याहून भयंकर. सावली हवी तर आंबा किंवा फणस बघा.

जमीनही बघा. चिऱ्याची, तांबडी टणक जमीन उत्तम. सुरूच्या बनातली जमीन वरून घट्ट दिसते पण खाली वाळूच असते.

रात्री एसी चालतो का?

गाडीच्या बॅटरीवर रात्रभर नाही. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २.४ युनिट वीज. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्यातली निम्मीच वापरायची असते, म्हणजे १.२ युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. दिवे, पंखे, मोबाइल आणि पाण्याचा पंप मात्र त्याच बॅटरीवर रात्रभर सहज चालतात. म्हणून एसी हवा तर बाहेरच्या प्लगची जागा हवी.

प्लग जोडण्याआधी अर्थिंग आहे का ते ड्रायव्हरला टेस्टरने बघू द्या. जुन्या घरांत तीन भोकांचा प्लग असतो, पण अर्थिंगची वायर कधी कधी जोडलेलीच नसते. एक्स्टेन्शनची वायर जाड हवी आणि ती गुंडाळी करून ठेवू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर तापते. वापराच्या विजेचे पैसे घरमालकाने मागितले नाहीत तरी द्या.

डिसेंबर-जानेवारीत आतल्या भागात रात्री गारवा असतो. जाळीच्या खिडक्या आणि पंखा पुरतो.

संडास, पाणी, सांडपाणी?

सगळ्यात जास्त आणि सगळ्यात दबक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न. मोकळेपणाने सांगते.

मोटरहोममध्ये बहुधा कॅसेट टॉयलेट असतं: खाली सुमारे २० लिटरची बंद टाकी, बाहेरून दार उघडून सुटकेसगत ओढून काढायची. पाच माणसांत ती दीड-दोन दिवसांत भरते. रिकामी करायची ती फक्त सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात, घरमालकाला विचारून, आणि नंतर तिथे भरपूर पाणी ओतून. ओहोळात, शेतात, रस्त्याकडेला कधीही नाही. आम्ही नियम केला: सकाळचा विधी गेस्टहाऊसच्या संडासात, गाडीतला फक्त प्रवासात आणि रात्री सासूबाईंसाठी. हे काम आमच्यात नवऱ्याने घेतलं आणि शेवटपर्यंत केलं.

पाण्याची टाकी १०० ते १५० लिटरची. गाडीतल्या शॉवरने सगळ्यांनी आंघोळ केली तर ती संपलीच. बादली-तांब्याने, घरमालकाच्या न्हाणीत. गाडीतलं पाणी हात, तोंड आणि भांड्यांपुरतं. पिण्याचं वेगळं.

भांड्यांचं साबणपाणी जिथे उभे आहात तिथेच सोडून देऊ नका. गोव्यातला चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो. वर ओतलेलं पाणी झिरपत विहिरीपर्यंत जातं आणि गावात आजही पुष्कळ घरांची विहीर वापरात आहे. घरमालकाला विचारा, न्हाणीचं पाणी कुठे जातं? बहुधा ते केळी-माडांना काढून दिलेलं असतं, तुमचंही तिथेच द्या.

स्वयंपाक गाडीत करायचा का?

थोडा. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकला की मुलाला पैसे देऊन पळवा. उंडे, पोळ्या, कांकणं असे पाव गरम मिळतात आणि नाश्त्याचा अर्धा प्रश्न सुटतो. वर आदल्या रात्री भिजवलेल्या अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे रस्साभाजी, कुकरला. उकड्या तांदळाची पेज आणि तोराचं, म्हणजे कैरीचं, लोणचं दहा-अकराला. पेज कुकरमध्येच करा, उघड्या टोपात गॅस फार जातो. कोकमाच्या आगळाची बाटली जवळ असली की सोलकढी कुठेही होते.

मासे गाडीत तळू नका. वास पडदे आणि गाद्यांत बसतो आणि परत करताना स्वच्छतेचे पैसे कापले जातात. दुपारचं मासळीचं ताट गावातल्या खानावळीत जेवा. त्या घरालाही चार पैसे मिळतात.

बाजार म्हणाल तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जमवा. गाडी लांब ठेवून चालत जा.

मुलं सोबत आहेत. सुरक्षिततेचं काय?

दोन गोष्टींवर मी अजिबात तडजोड केली नाही.

गाडी चालू असताना कुणीही पलंगावर नाही. मुलांना तिथे लोळत जायचं असतं आणि जाहिरातीतही तसं दाखवतात. जोरात ब्रेक लागला तर पलंगावरचं मूल समोरच्या कपाटावर आपटतं. पट्टा असलेल्या सीटा मोजूनच गाडी ठरवा. पाच माणसं आणि पट्टे चार, असं असेल तर ती गाडी आपली नाही. कपाटाच्या कड्या लावल्या का, सिलिंडरची चावी बंद आहे का, हे निघताना दरवेळी एकाच माणसाने बघायचं. आमच्यात थोरल्याने ते काम उचललं.

दुसरी, बंद गाडीत झोपताना जनरेटर किंवा शेगडी चालू ठेवायची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत आहे का विचारा, नसेल तर बाजारातून स्वतः घेऊन लावा. आणि टपावरची एक खिडकी रात्रभर किलकिली ठेवा.

दवाखान्याची गरज पडली तर रुग्णवाहिकेसाठी १०८. मोठं सरकारी रुग्णालय उत्तरेत बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि दक्षिणेत मडगावचं जिल्हा इस्पितळ.

कोणते रस्ते टाळावेत?

पणजीतलं फोंतेन्हास, दिवाडी-चोडण बेटांवरचे खाजन (खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतांच्या) बांधांवरचे रस्ते, आणि उत्तरेच्या किनारी गावांतल्या गल्ल्या. बांधावरच्या रस्त्याला कडा नसते, दोन्ही बाजूंना पाणी. पणजी बघायची तर गाडी जुन्या गोव्याला ठेवा आणि बसने जा. रायबंदरकडून १६३० च्या दशकात पोर्तुगिजांनी बांधलेल्या लांब पुलावरून बस पणजीत शिरते, मुलांना खिडकीतून दोन्हीकडे पाणी दिसतं.

महामार्ग ६६ आता पुष्कळ सुधारला आहे. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ पासून, झुआरीचा नवा पूल २०२२ च्या अखेरीपासून, काणकोणचा बगलरस्ताही झाला. वळणं उरलीत ती बाळ्ळी ते काणकोणमधल्या करमल घाटात. गाडी लागणाऱ्या मुलांना त्याआधी पोटभर खायला देऊ नका.

फेरीबोटीत मोटरहोम चढते का?

बोटीचा माणूस हो म्हणाला तरच. अडचण वजनाइतकीच गाडीच्या शेपटीची असते. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि मागच्या चाकांमागचा लांब भाग जमिनीला घासतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर ओहोटी फारच खोल. तेरेखोलला जायचं तर पेडण्यातल्या केरीला (फोंड्यातली केरी वेगळी) गाडी ठेवून बोटीने पायी जा, किंवा किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्यामार्गे रस्त्याने.

आम्हाला मार्ग सुचवा.

डिचोलीहून मये तळं, तिथून सत्तरीच्या कडेने तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ. काळ्या बेसॉल्टचं, जंगलात, मागून नदी वाहते. सासूबाई तिथे बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या, उठवत नव्हतं. हा अभयारण्याचा भाग आहे, संध्याकाळच्या आत बाहेर पडा. माकडं असतात, खिडक्या बंद. हिवाळ्यापासून पावसापर्यंत या पट्ट्यात गोचिडांमुळे माकडतापाचा धोका असतो. २०१५ नंतर सत्तरीत त्याचे रुग्ण सापडले आहेत. पाचोळ्यात बसू-लोळू नका, मुलांना पायभर कपडे घाला.

मग फोंड्याची देवळं आणि कुळागरात मुक्काम. तिथून सांग्यामार्गे नेत्रावळी. गोपीनाथाच्या देवळाजवळच्या तळीत तळातून सतत बुडबुडे येतात. मग काणकोण, आणि तिथे दोन-तीन रात्री एकाच अंगणात. रोज गाडी हलवली की रोज सामान बांधा, टाक्या बघा, जागा शोधा. यात आईचीच सुट्टी संपते. गाडी एका जागी उभी राहू द्या आणि गालजीबाग, काबो द राम, पोळे रिक्षाने किंवा भाड्याच्या स्कूटरने करा.

दूधसागर?

मोटरहोमने नाही. कुळ्याहून परवानाधारक जीपच जातात, त्याही पावसाळा सोडून.

कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. नाताळ ते नववर्षाचा आठवडा सोडा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त असतं, त्या दिवसांत तिथे गाडी नेऊ नका. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, लोक आपापल्या घरी असतात, कुणाच्या अंगणात जागा मागायची ती वेळ नव्हे. पावसाळ्यातला गोवा मला जिवापाड आवडतो, पण पहिल्या मोटरहोमसाठी नको: गाद्या दमट होतात, चोर्ला घाटाकडे दरडी आणि झाडं पडतात, समुद्रात उतरता येत नाही.

खर्चाचं कसं ठरवायचं?

दिवसाचं भाडं ऐकून हुरळू नका. दिवसाला किती किलोमीटर धरलेत, वरच्या किलोमीटरचा दर काय, ड्रायव्हरचा भत्ता, डिझेल कोणाचं, गॅस भरून मिळणार का, अनामत किती आणि ती किती दिवसांत परत, हे सगळं लिहून घ्या. काही मालक जनरेटरचे तास मोजतात.

महाराष्ट्रात परतताना काही अडतं का?

इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासतात. परवान्याशिवाय गोव्याची दारू सापडली तर गाडीही जप्त होऊ शकते, आणि ती गाडी दुसऱ्याची आहे. पाहुण्यांसाठी माडाचा गूळ, खाजे आणि आगळ न्या.

गाडी परत देताना काय बघायचं?

संडासाची आणि सांडपाण्याची, दोन्ही टाक्या आदल्या मुक्कामावरच रिकाम्या करा, मालकाच्या दारात नको. ताब्यात घेताना काढलेला व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा आणि परत देताना त्याच क्रमाने दुसरा काढा: टप, चारी बाजू, पलंग, नळ, किलोमीटरचा आकडा. टपाचा विसरू नका, फांद्यांचे ओरखडे तिथेच असतात. त्यासाठी मालकाकडून शिडी मागून घ्या.